बीडहून राजधानीकडे

बीड जिल्ह्यात कोणत्याही मोठ्या राजवटीने आपली राजधानी थाटली नाही. तरी दख्खनच्या राजधान्यांकडे जाणाऱ्या वाटा मात्र जवळजवळ दोन हजार वर्षे याच मुलखातून गेल्या. सातवाहनांचे प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण, यादवांची देवगिरी, तुघलकाचे दौलताबाद आणि मलिक अंबरची खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही सारी ठिकाणे गोदावरीच्या उत्तरेला एकमेकांजवळ आहेत. गोदावरी ही बीड जिल्ह्याची उत्तर सीमा. नदी ओलांडली की बीडचा माणूस राजधान्यांच्या मुलखात पाऊल टाकतो. आज दोन दिवसांच्या सुट्टीत पैठण आणि दौलताबाद पाहून येण्याचा बेत अनेक घरांत होतो. त्या बेताची वाट फार जुनी आहे.

या वाटेचा पहिला लेखी माग एका परदेशी ग्रंथात सापडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या पुस्तकात भरुच बंदरापासून पैठण वीस दिवसांवर आणि पैठणच्या पुढे तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, दहा दिवसांवर असल्याचे म्हटले आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून साधे कापड व मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भरुचला नेत, असेही तो लेखक सांगतो. नकाशावर पैठण ते तेर सरळ रेघ ओढली तर ती बीड शहराच्या अगदी जवळून जाते, आणि बीड जवळजवळ तिच्या मधोमध येते. हे अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. दहा दिवसांत ते कापायचे म्हणजे दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर, आणि भरल्या बैलगाडीची चाल साधारण तेवढीच असते. त्या काळच्या गाड्या नेमक्या कोणत्या खिंडीतून बालाघाटाचा डोंगर चढत होत्या हे कोठे लिहिलेले नाही. पण काळ्या मातीचा गोदाकाठ सोडून डोंगरावर चढणे तेव्हाच्या गाडीवानालाही चुकले नसणार.

यादवकाळात राजधानी देवगिरीला गेली. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस ती वसवली आणि सव्वाशेहून अधिक वर्षे मराठी मुलखाचा कारभार तिथून चालला. या राजधानीशी बीड जिल्ह्याचा संबंध सर्वांत ठळकपणे दिसतो तो अंबाजोगाईत. सिंघणदेव यादवाचा सेनापती खोलेश्वर याचा तिथल्या मंदिरांशी आणि शिलालेखांशी जवळचा संबंध आहे. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत कामी आला. पुढे रामाची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ अंबाजोगाईत मंदिर उभारले, आणि शके 1162 म्हणजे इ. स. 1240 च्या सुमाराचा शिलालेख त्याची साक्ष देतो. राजधानीच्या लढाया राजधानीपासून दूर असलेल्या गावातल्या घरांना काय देऊन जातात, हे या एका लेखात जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही बखरीत दिसत नाही. देवगिरी पाहायला निघणाऱ्याने आधी अंबाजोगाई पाहिलेली असावी, ती यासाठी.

अलाउद्दीन खिलजीने 1296 मध्ये देवगिरीवर चाल केली आणि 1318 पर्यंत यादवांची सत्ता संपली. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणून नगराला दौलताबाद हे नाव दिले. दिल्ली ते दौलताबाद ही चाळीस दिवसांची वाट झाडांनी कडेने सजवलेली होती आणि टप्प्याटप्प्याला डाकेच्या चौक्या होत्या, असे इब्न बतूताने लिहून ठेवले आहे. याच सुलतानाची एक खूण बीड तालुक्यात करझणी गावाजवळच्या टेकडीवर आहे. वरंगळच्या बाजूने आजारी होऊन परतताना बीडजवळ त्याचा एक दात पडला आणि त्या दातावर त्याने घुमट बांधवला, अशी हकीकत फिरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे. सुलतान दौलताबादकडे निघालेला होता, म्हणजे वरंगळहून राजधानीकडे जाणारी त्याची वाटही बीडवरूनच होती. दातावरचे हे बांधकाम बहुतेकांना मौजेची गोष्ट वाटते. पण चौदाव्या शतकात बीड हा राजधानीच्या रस्त्यावरचा मुक्काम होता, याचा इतका प्रत्यक्ष पुरावा दुसरा नाही, म्हणून त्या टेकडीची नीट देखभाल व्हायला हवी.

पुढे 1347 मध्ये बहमनी सत्तेची सुरुवात दौलताबादलाच झाली, पण राजधानी लवकरच गुलबर्ग्याला गेली. नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, निजामशाहीत बीड एक महत्त्वाचे ठाणे होते. मुर्तझा निजामशहाच्या काळात, 1582-83 च्या सुमाराला, सरदार सलाबतखानाने शहराबाहेर खजाना विहीर खोदवली. ती राजा भास्कर याने बांधली, असे सांगतात. विहिरीचे पाणी उपसावे लागत नाही. जमिनीखालच्या नहरांतून ते उताराने थेट शेतांत जाते. बीडमधून निघणाऱ्या प्रवाशाने पहिला तास हिच्यासाठी राखून ठेवावा. कारण निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये वसवलेल्या खडकीची नहर-ए-अंबरीही अशीच जमिनीखालून पाणी नेते, आणि दोन्ही लागोपाठ पाहिल्या की निजामशाहीतले पाण्याचे ज्ञान किती पक्के होते ते लक्षात येते.

औरंगजेबाच्या काळात खडकीचे औरंगाबाद झाले आणि पुढे आसफजाही निजामाची पहिली राजधानीही तेच शहर ठरले. त्या राजधानीचा शेवट आणि बीड जिल्ह्यातली एक लढाई एकाच वर्षातल्या आहेत. 10 ऑगस्ट 1763 रोजी गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनला थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला. निजाम स्वतः काही सैन्यासह पूर आलेली गोदावरी ओलांडून उत्तरेला गेला होता. दक्षिण काठावर राहिलेला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर लढाईत मारला गेला. त्याच वर्षी निजामाने राजधानी हैदराबादला नेली, आणि बीडकरांची राजधानी गोदावरीच्या पलीकडून एकदम चारशे किलोमीटर दूर गेली.

तेव्हापासून औरंगाबाद-पैठणकडे जाणे राजकारभाराचे कमी आणि देवाधर्माचे जास्त झाले. एकनाथांनी 1599 मध्ये पैठणला समाधी घेतली. फाल्गुन वद्य षष्ठीच्या नाथषष्ठीला बीड जिल्ह्यातून दिंड्या पायी निघतात, आणि अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी काल्याची हंडी फुटली की उत्सवाची सांगता होते. राजधानीचे वैभव गेल्यानंतरही पैठण लोकांच्या पायांखाली राहिले ते या षष्ठीमुळे. वाड्यांपेक्षा यात्रेने हे गाव जास्त जपले आहे.

सहलीला मात्र सुट्टी आणि वाहन दोन्ही लागतात. निजामी राजवटीत साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे. 1900 मध्ये हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे औरंगाबाद, जालन्यावरून मनमाडपर्यंत झाली, पण या भागात ती नदीच्या उत्तरेनेच गेली. त्यामुळे गाडी धरायची तर बीड शहरातल्या माणसाला जालना, औरंगाबाद किंवा नगर गाठावे लागे. पुढे बस आली आणि नदी ओलांडणे सोपे झाले. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि रविवारच्या सुट्टीबरोबर एसटीने सहल करण्याची सवय रुजली. शाळांच्या सहलींनी ती घराघरांत नेली. राज्य शासनाच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा शनिवार-रविवार असे सलग दोन दिवस अनेक कुटुंबांच्या हाती आले. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे झाले आहे, त्यामुळे चौघांच्या घराचा खर्च बराच कमी होतो.

दोन दिवसांत हा फेरा करायचा तर क्रम ठरवताना इतिहासाचा क्रम सोयीचा पडतो. पहिल्या दिवशी सकाळी बीड सोडून गेवराई, शहागड, पाचोड असे जाऊन पाचोडला पैठणचा रस्ता धरावा. पैठणला नाथांचे मंदिर, गोदेचा घाट आणि बाळासाहेब पाटील संग्रहालयातल्या सातवाहनकालीन वस्तू पाहण्यात दुपार जाते. जायकवाडीचे धरण 1976 मध्ये झाले. त्याचा उजवा कालवा माजलगावपर्यंत पोचतो, म्हणजे त्या पाण्यावर बीडचाही वाटा आहे. मुक्काम संभाजीनगरला करून दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर दौलताबाद गाठावे, कारण उन्हात किल्ला चढवत नाही.

किल्ल्यात खंदकाच्या पलीकडे अंधारी लागते. खडक पोखरून केलेला हा वळणावळणाचा जिना दिवसाही काळोखात असतो. शत्रूला वाट चुकवण्यासाठी मध्ये फसवे फाटे आहेत. पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या असल्याने पाऊल चाचपत टाकावे लागते, आणि वटवाघळांचा वास नाकात बसतो. विजेरी सोबत हवीच. वर जाण्याआधी चिनी महाल पाहावा. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह 1687 मध्ये राज्य गेल्यावर अखेरपर्यंत इथे कैदेत होता. दुपारी पाय चालत असतील तर वेरूळही होते, मात्र वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. पावसाळ्यानंतरचे महिने या बेताला सर्वांत चांगले. तेव्हा गडाच्या पायथ्याशी सीताफळे विकायला असतात, आणि बालाघाटी सीताफळाची चव माहीत असलेला बीडकर ती तुलना केल्याशिवाय राहत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये अहिल्यानगरहून रेल्वे अखेर बीडपर्यंत आली. ती पश्चिमेकडे नेते. उत्तरेला गोदावरी ओलांडून जुन्या राजधान्यांकडे जायचे तर अजूनही शहागडच्या पुलावरूनच जावे लागते.