पांढऱ्या सोन्याचे पाठबळ

'पाठबळ' हा शब्द आपण किती सहज वापरतो! शासनाने शेतीला पाठबळ द्यावे, याला विरोध करणारा सापडणे कठीण. पण पाठीवरचा हात आधाराचा आहे की ढकलण्याचा, हे पाठीलाच कळते. उझबेकिस्तानच्या कापसाचा अलीकडचा इतिहास वाचताना आम्हाला हे पुनःपुन्हा जाणवले.

१९९१ मध्ये स्वतंत्र झाल्यावर या देशाने कोलखोझ, म्हणजे सामूहिक शेते, क्रमाक्रमाने मोडली. आधी 'शिरकत' या सहकारी संस्था आल्या, मग खाजगी 'फेर्मेर'. जमीन मात्र राज्याचीच राहिली. शेतकऱ्याकडे ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने. खत, डिझेल यांसाठी स्वस्त कर्ज, कालव्यांचे पाणी जवळजवळ फुकट. कागदावर पाहावे तर असे पाठबळ क्वचितच कुणाला लाभले असेल. परंतु कर्जाची रक्कम हाती पडत नसे. ठरावीक खात्यातून ठरावीक वस्तूंसाठीच ती निघे. किती जमिनीत कापूस, किती जमिनीत गहू, हे राज्य ठरवी. कापूस घेई तेही राज्यच, जागतिक बाजारापेक्षा कमी भावाने. ठरलेला कोटा भरला नाही तर पट्टा रद्द होण्याची धास्ती.

विदर्भातही कापसाला 'पांढरे सोने' म्हणतात आणि १९७२ पासून महाराष्ट्रातही एकाधिकार खरेदी होती. मात्र काय पेरावे, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी हुकूम काढून सांगितले नाही. हा भेद लहान नव्हे.

आम्हा शिक्षकांना सर्वांत अस्वस्थ करते ती वेचणी. शरद ऋतूत विद्यार्थी, शिक्षक, परिचारिका यांना शेतांवर धाडले जाई. वर्गांना तेवढे दिवस सुट्टी. शिक्षकाचा पगार शिक्षण खात्याने द्यायचा आणि त्याचे हात कापसाला लावायचे! शेतीला मिळालेले हे अनुदानच होते, फक्त ते कुठल्याच अंदाजपत्रकात अनुदान म्हणून लिहिले गेले नाही. त्याची किंमत बुडालेल्या तासांत मोजावी लागते.

सप्टेंबर २०१७ मध्ये विद्यार्थी, शिक्षक व आरोग्य कर्मचारी शेतांवरून परत बोलावले गेले. मार्च २०२० मध्ये कापसाची सरकारी मागणीपद्धती रद्द झाली, आणि मार्च २०२२ मध्ये उझबेक कापसावरचा आंतरराष्ट्रीय बहिष्कार उठला. हे बदल खरे आहेत, मोठे आहेत. मधल्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत कापूस-वस्त्र कंपन्यांचे 'क्लस्टर' उभे राहिले होते. बियाणे, कर्ज आणि खरेदी आता त्यांच्याकडे गेली. पट्ट्याची जमीन राज्याचीच राहिली. पहिल्या काही वर्षांत तरी बहुतेक शेतकऱ्यांपुढे गिऱ्हाईक एकच होते.