मूर्च्छित अश्वाचा प्राणवायु

बीड जिल्ह्याच्या इतिहासांत घोडा येतो तो रणांगणावरच. गोदातीरीं राक्षसभुवन येथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं थोरल्या माधवराव पेशव्यांनीं निजामाचा पराभव केला, तेव्हां मराठ्यांची भिस्त घोडदळावर होती. परंतु ज्या निजामी राज्यांत बीड १९४८ पर्यंत मोडत होतें, त्याच्या राजधानींत पुढें घोड्याकडून एका निराळ्या विद्येची सेवा घडली. तिचें स्मरण आम्हांस अगत्याचें वाटतें.

शस्त्रक्रियेसाठीं क्लोरोफॉर्म १८४७ सालीं प्रचारांत आला आणि भुलींतच कांहीं रोगी दगावूं लागले. आधीं थांबतें काय, हृदय कीं श्वास? या वादाच्या निर्णयार्थ सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानें हैदराबादेस १८८८ व १८८९ सालीं दोन कमिशनें बसलीं. दुसऱ्या खेपेस लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेंकडों जनावरांवर प्रयोग झाले; त्यांत कुत्रीं व माकडें यांजबरोबर घोडेहि होते. निर्णय निघाला कीं, श्वास आधीं थांबतो. सबब भूल देणाऱ्यानें नाडीकडे नव्हे, श्वासाकडे लक्ष द्यावें. पुढें १९११ सालीं लेव्ही यांनीं हलक्या भुलींतहि हृदय एकाएकीं बंद पडूं शकतें हें दाखविलें, व तो निर्णय अर्धाच खरा ठरला.

घोड्याच्या बाबतींत तर श्वास चालू असणेंहि पुरेसें नाहीं. सुमारें ५०० किलो वजनाचें हें जनावर पाठीवर निजविलें कीं, आंतड्यांचा भार छाती व पोट यांमधील पडद्यावर पडतो, फुप्फुसांचा कांहीं भाग मिटतो, आणि तेथून जाणारें रक्त प्राणवायूवांचूनच परततें. नळींतून शुद्ध प्राणवायु दिला तरी रक्तांत तो अपुरा पडूं शकतो. हिरडीवरची निळसर छटा डोळ्यांस दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

१९७४ सालीं जपानांत ताकुओ आओयागी यांनीं नाडीच्या ठोक्यागणिक बदलणाऱ्या प्रकाशावरून रक्तांतील प्राणवायु मोजण्याची युक्ति प्रसिद्ध केली. आज तसला चिमटा घोड्याच्या जिभेस लावितात; अधिक खात्रीसाठीं धमनींतील रक्त तपासतात. तरीहि धोका सरलेला नाहीं. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत पोटशूळाच्या शस्त्रक्रिया वगळूनहि शंभरांत सुमारें एक घोडा सात दिवसांच्या आंत दगावल्याचें आढळलें.

लॉरी श्वासाचा आग्रह धरीत, त्यांचे विरोधक नाडीचा. हा चिमटा नाडीवांचून चालत नाहीं, आणि सांगतो तें श्वासाचें फळ! मुक्या जिवाच्या रक्षणास दोन्ही पक्षांचें शहाणपण एकत्र यावें लागलें, हें आम्हांस या इतिहासाचें सार वाटतें.