अंबर: समुद्राचा सुगंध आणि घाटमाथा

मलिक अंबराचे नाव ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. निजामशाहीचा हा हबशी वजीर 1626 मध्ये वारला. त्याने बसवलेले खडकी शहर, तिथल्या पाण्याच्या नहरी, त्याची धाऱ्याची पद्धत आणि त्याचा गनिमी कावा हे सारे आपण शाळेत घोकलेले असते. परंतु 'अंबर' म्हणजे काय, असे कोणी पुसले तर आपले बोट सहज आकाशाकडे जाते. तो अर्थ संस्कृत अंबराचा. या वजिराचे नाव अरबी आहे. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मुलांना त्यांचे धनी मौल्यवान वस्तूंची नावे देत. कोणी काफूर, म्हणजे कापूर. कोणी याकूत, म्हणजे माणिक. आणि हबसाणातून आणलेला चापू नावाचा एक मुलगा झाला अंबर. ज्या पोराला आपले नाव राखता आले नाही, त्याच्या कपाळी जगातील एका अत्यंत महाग सुगंधाचे नाव आले.

श्रोतेहो, हा सुगंध फुलाचा नाही, लाकडाचा नाही आणि मृगाच्या नाभीतलाही नाही. समुद्रात स्पर्म व्हेल नावाचा अजस्र देवमासा असतो. त्याला मासा म्हणण्याची आपली रीत आहे, वस्तुतः तो सस्तन प्राणी होय. त्याचे मुख्य अन्न म्हणजे माकूल. माकलाची चोच टणक असते आणि ती पचत नाही. फारच थोड्या देवमाशांच्या आतड्यांत अशा चोचींभोवती मेणासारख्या द्रव्याचे थर साचत जाऊन गोळा बनतो. हेच अंबर. ताजे असताना ते काळे, चिकट असते आणि त्याला शेणासारखी दुर्गंधी येते. मग ते वर्षानुवर्षे समुद्रावर तरंगते. ऊन, खारे पाणी आणि वारा यांच्या संस्काराने त्याचा रंग राखाडी होतो आणि वास पालटतो. त्यातील मुख्य द्रव्यास 'अँब्रीन' म्हणतात, आणि नवलाची गोष्ट अशी की या अँब्रीनला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. हवेत त्याचे विघटन होऊन जी द्रव्ये निर्माण होतात ती सुगंधी असतात. गंधी लोकांना अंबराचे मोल वाटते ते केवळ त्याच्या वासामुळे नव्हे. गुलाब, मोगरा यांसारखे चंचल सुगंध लवकर उडून जातात. अंबर त्यांना धरून ठेवते. पाश्चात्त्य सुगंधकार ते मद्यार्कात विरघळवून महिनोन्‌महिने मुरवत ठेवतात.

आज हे सांगणे सोपे आहे. पूर्वी याविषयी जितकी डोकी तितकी मते होती. अबुल फझलाने 'आइन-ए-अकबरी'त बादशहाच्या सुगंधशाळेचे वर्णन करताना ही सारी मते नोंदवली आहेत. कोणी म्हणे ते समुद्राच्या तळाशी उगवते, कोणी म्हणे समुद्रगाईची विष्ठा, कोणी समुद्राचा फेस, तर कोणी डिंक. मासे ते गिळून मरतात व त्यांच्या पोटातून ते काढतात, असेही एक मत त्याने दिले आहे. ते सत्याच्या बरेच जवळ जाणारे होते. पण अबुल फझलाने स्वतः पत्करले ते मेणाचे मत. डोंगरातील मध वाहत समुद्रात जातो, मेण वर तरंगते आणि उन्हाने घट्ट होते, अशी त्याची उपपत्ती. गोव्यास राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचाही निर्णय असाच चुकला. त्याचा औषधींवरील संवादग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. हा मोठा चिकित्सक पुरुष. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले होते. फेस, विष्ठा ही मते त्याने झिडकारली आणि अंबर ही एक प्रकारची मातीच असली पाहिजे असे ठरवले! त्याने दिलेली एक हकीकत मात्र विसरता येत नाही. 1555 साली कन्याकुमारीच्या पलीकडे सुमारे तीस क्विंटलचा प्रचंड गोळा सापडला, आणि सापडणाऱ्याने तो डांबर समजून स्वस्तात विकून टाकला.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. 1510 मध्ये गोवे पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि बेळगावचे महत्त्व वाढले. आदिलशाहीने हा किल्ला असदखान लारीच्या स्वाधीन केला. 1549 मध्ये मरेपर्यंत त्याचे ठाणे येथेच होते. किल्ल्यातील साफा मशीद त्याची आठवण म्हणून उभी आहे, आणि पोर्तुगीज बखरकारांच्या लिखाणात त्याचे नाव वारंवार येते. वेंगुर्ल्याहून रामघाट चढून बेळगावास यावे, किंवा आंबोलीवरून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत निपाणीच्या बाजूस निघावे, अशा या जुन्या वाटा. मीठ, नारळ, सुकी मासळी यांच्या बैलांबरोबर समुद्रपारच्या चैनीच्या वस्तूही कोकणातून घाटावर येत, आणि त्यांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक पुढे विजापुरास बसलेला होता.

तो गिऱ्हाईक साधासुधा नव्हता. 1580 ते 1627 पर्यंत राज्य करणारा दुसरा इब्राहिम आदिलशहा हा संगीताचा वेडा, आणि सुगंधाचाही. त्याच्यासाठी निजामुद्दीन महमूद याने 'इत्र-ए-नौरसशाही' हा सुगंधविद्येवरील फारसी ग्रंथ रचला. आदिलशाहीची तोफ आणि तिचे घुमट आपण पाहायला जातो. तिच्या महालांना वास कसला येत होता, हा प्रश्न आपल्याला सुचत नाही. निपाणीकरांना एक गंमत सांगण्यासारखी आहे. अकबराचा वकील असदबेग हा याच इब्राहिमाच्या दरबारी आला होता, आणि परत जाताना त्याने विजापुराहून नेलेली अपूर्वाईची भेट म्हणजे तंबाखू. असो.

मुसलमानी राजवटीबरोबरच अंबर आपल्याकडे आले असे समजणेही बरोबर नाही. नवव्या शतकातील अरब व्यापाऱ्यांच्या वृत्तांतात निकोबारचे लोक लोखंडाच्या बदल्यात अंबर देत असल्याचा उल्लेख आहे. संस्कृत रसग्रंथांत 'अग्निजार' नावाचे एक समुद्रज द्रव्य येते, ते अंबरच असे अनेक विद्वान मानतात. आणि येथे एका मराठी माणसाचे ऋण सांगितलेच पाहिजे. परशुराम कृष्ण गोडे हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक. जन्म 1891 चा, मृत्यू 1961 चा. मोठमोठ्या लढायांच्या तारखांवर वाद घालणारे पुष्कळ होते. गोडे मात्र चिवडा, जिलबी, तपकीर, दिवे आणि अत्तरे यांचा इतिहास हुडकीत बसत. पोथ्यांच्या ढिगातून त्यांनी गंगाधराचा 'गंधसार' हा संस्कृत ग्रंथ आणि त्याबरोबर 'गंधवाद' नावाचा दुसरा ग्रंथ उजेडात आणला. या गंधवादावर मराठी टीका आहे! सुगंध कसे सिद्ध करावेत याची शास्त्रीय चर्चा कित्येक शतकांपूर्वी मराठीत होत होती, याचा हा धडधडीत पुरावा. हिंदुस्थानातील अंबराच्या इतिहासावर, इ. स. 700 पासून 1900 पर्यंतचा काळ घेऊन, गोड्यांनी स्वतंत्र निबंधही लिहिला. तो 1949 मध्ये 'किमिया' या रसायनशास्त्राच्या इतिहासास वाहिलेल्या परदेशी नियतकालिकात, इंग्रजीत प्रसिद्ध झाला. परदेशच्या पंडितांनी तो वाचला. आमच्या गावच्या वाचनालयात गोड्यांचे नाव माहीत असलेला माणूस शोधावा लागतो, हे मला खटकते.

इतके जुने उकरण्याचे कारण असे की, अंबर हा शब्द गेली काही वर्षे वर्तमानपत्रांत पुन्हा दिसू लागला आहे, आणि तोही 'व्हेल माशाची उलटी' या ओंगळ नावाने. ही उलटी नव्हे. जाणकारांचे मत असे की हा गोळा बहुधा विष्ठेच्या वाटेने बाहेर पडतो, किंवा प्राणी मेल्यावर मोकळा होतो. कोकणकिनाऱ्यापासून कोल्हापूर, सांगलीपर्यंत हा माल विकू पाहणारे पकडले जातात, आणि बातमीत 'किलोला एक कोटी' असा आकडा असतो. हा आकडा वाचूनच पुढचा तरुण फसतो. ज्यांनी समुद्र नीट पाहिलेला नाही असे घाटावरचे पोरगे कोणाच्या तरी गाडीत बसते, पिशवी पोचवायला निघते आणि कोठडीत जाते. ओर्ताच्या काळी अंबर डांबर म्हणून विकले गेले. आता मेणाचे गोळे अंबर म्हणून खपवले जातात.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने या देवमाशास संरक्षण दिलेले असल्यामुळे आपल्या देशात अंबर बाळगणे वा विकणे हा गुन्हा ठरतो. यावर कोणी म्हणेल, फ्रान्स किंवा इंग्लंडच्या किनाऱ्यावर सापडलेले अंबर विकता येते, मग आमच्याच कोळ्यावर बंधन का? प्रश्न अगदीच गैर नाही. वाहत आलेल्या गोळ्यासाठी कोणी प्राणी मारलेला नसतो. परंतु गोळा वाहत आला की पोट फाडून काढला, हे बाजारात बसलेल्याला कळत नाही, आणि याच प्राण्याची तेलासाठी दोन शतके जी कत्तल झाली तिचा अनुभव ताजा आहे. व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव 1982 चा, अंमल 1986 पासूनचा. शिवाय गंधी लोकांची अडचण विज्ञानाने पुष्कळशी दूर केली आहे. अँब्रीनची रचना 1946 मध्ये उलगडल्यावर, क्लॅरी सेज या वनस्पतीतील द्रव्यापासून अंबराच्या वासाचे रसायन बनवण्याची वाट सापडली, आणि आजच्या बाटल्यांतील अंबर बहुतांशी या जातीचे असते.

2022 च्या जुलै महिन्यात केरळातील विळिंजमच्या मच्छीमारांना समुद्रात सुमारे अठ्ठावीस किलोचा गोळा सापडला. त्यांनी तो होडीत घातला, किनाऱ्यावर आणला आणि किनारा-पोलिसांच्या हवाली केला.