आडवळणाचीं इंग्रजी क्रियापदें

इंग्रजी शिकणारा आमच्याकडील विद्यार्थी लांबलचक शब्द कोशांतून पाठ करतो आणि 'पुट', 'बॅक', 'बीट' अशा चिमुकल्या शब्दांपाशीं अडखळतो. 'पुट' म्हणजे ठेवणें व 'ऑफ' म्हणजे दूर, हें ठाऊक असूनही 'पुट ऑफ' म्हणजे आजचें उद्यांवर ढकलणें, हा अर्थ त्यास सुचत नाहीं. यांत त्याच्या बुद्धीचा दोष नाहीं. डॉ. जॉन्सन यांनीं 1755 सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत, अशा जोडक्रियापदांची परकीयांस फार मोठी अडचण पडते, हें स्वच्छ कबूल केलें आहे. 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या 1925 सालच्या 'वर्ड्स अँड इडिअम्स' या ग्रंथांत येते; ती त्यांस ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविली.

संस्कृत जाणणारास यांतील मर्म लवकर उमगेल. एकाच 'हृ' धातूपासून उपसर्गभेदानें आहार, विहार, संहार असे निरनिराळे अर्थ निघतात. प्राचीन इंग्रजींतही असे उपसर्ग बहुधा धातूच्या आधीं येत. मध्ययुगांत ते धातूमागून येण्याची चाल वाढली.

टाळाटाळीच्या प्रयोगांत या शेपटाचें काम विशेष दिसतें. 'बीट अबाउट द बुश' हा प्रयोग शिकारीच्या रानांतला. झुडपांभोंवतीं काठ्या आपटून पक्षी उठवावयाचे, ही पूर्वतयारी. ते पकडणें हें खरें काम. जो झुडपेंच झोडपीत राहिला, तो मुद्द्यास आलाच नाहीं. 'शाय अवे' मध्यें बुजून बाजूस सरणारा घोडा आहे. 'स्कर्ट राउंड' मध्यें वस्त्राचा घेर आहे. विषयाच्या मध्यांत न शिरतां कांठाकांठानें निघून जावयाचें. 'बॅक आउट' म्हणजे दिलेल्या शब्दांतून पाय मागें घेत बाहेर पडणें. 'अबाउट' व 'राउंड' यांत घिरट्या, 'अवे' मध्यें अंतर, 'आउट' मध्यें सुटका, 'ऑफ' मध्यें लांबणी, असा क्रम ध्यानांत ठेविल्यास पाठांतराचें ओझें पुष्कळ हलकें होतें.

आपणही 'बगल देतों', 'काढता पाय घेतों', 'आढेवेढे घेतों'. त्यांचा शब्दशः अर्थ कोणी करीत बसत नाहीं. तीच दृष्टि इंग्रजी वाचतांना ठेवावी. हीं आडवळणें ज्यास ओळखतां येत नाहींत, तो सभ्य शब्दांतल्या नकारास आश्वासन समजून स्वस्थ बसतो, आणि त्याचें नुकसान व्याकरणाच्या चुकीपेक्षां किती तरी मोठें असतें.