पाक

आमच्या घराण्यात औषधांची विद्या दोनदा शिरली आणि दोन्ही वेळा साथीचं बोट धरून शिरली. पहिल्यांदा १९१८ साली, माझ्या आजोबांच्या रूपाने. दुसऱ्यांदा माझ्या नातीच्या. मधल्या पिढ्यांनी औषधं फक्त घेतली. मी तर मिक्श्चरची चव बघून डॉक्टर निवडणाऱ्यांतला.

नातीला खरं म्हणजे डॉक्टर व्हायचं होतं. पण २०२० साल असं उजाडलं की कुणाला काय व्हायचंय हे विचारायची सोयच राहिली नाही. परीक्षा पुढे गेल्या, आणखी पुढे गेल्या. मेडिकल हुकलं. ऑक्टोबरात झालेल्या सीईटीचा निकाल नोव्हेंबर संपता संपता लागला आणि पदरात बी. फार्मसी पडलं. वर्ग सुरू व्हायला नवं साल उजाडलं, आणि ते भरले आमच्या स्वयंपाकघरात, कारण मोबाइलला रेंज फक्त फ्रीजच्या शेजारी येते. सौभाग्यवतींनी दिलेली पहिली फोडणी साठ मुलांनी आणि एका प्राध्यापकांनी ऐकली. "कुणाच्या लॅबमध्ये काय जळतंय?" असं त्यांनी विचारल्याचं नात सांगते.

एके दिवशी फर्मान आलं : 'सिंपल सिरप' घरी करा आणि व्हिडिओ पाठवा. साखर ६६७ ग्रॅम, एकूण वजन १००० ग्रॅम होईपर्यंत पाणी. स्वयंपाकघरातला वजनकाटा निघाला, पातेलं निघालं. सौभाग्यवती थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा तर पाक! एकतारी की दोनतारी?"

"आजी, यात तार नसते. सहासष्ट पूर्णांक सात टक्के असतात."

"आणि त्याहून कमी झाली साखर तर?"

"बुरशी येते. जास्त झाली तर खडे धरतात."

सौभाग्यवतींनी काही न बोलता मुरांब्याच्या बरणीकडे बोट दाखवलं. चाळीस वर्षं त्यांनी कुठल्याही फार्माकोपियाशिवाय बुरशी येऊ दिलेली नाही. मला मात्र त्या पातेल्यात आजोबा दिसले.

आजोबा त्या वर्षी शिमगा करून कोकणातून बोटीने मुंबईला आले. वय वर्षे सोळा. गिरगावातल्या एका दवाखान्यात कंपाउंडरच्या हाताखाली बाटल्या धुवायला लागले. त्या काळी यासाठी ना प्रवेश परीक्षा होती ना कॉलेज. बनारसला महादेव लाल श्रॉफांनी औषधशास्त्राचं शिक्षण सुरू केलं ते १९३२ साली. आजोबांचं पहिलं सत्र जूनमध्ये सुरू झालं म्हणायचं. १० जूनला मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात गेले, त्यांतला एक गोदीवरचा. ही साथ पावसाळ्यात जरा ओसरली. मग सप्टेंबरात ती उलटली, आणि ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. देशभरात किती गेले? अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. त्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू म्हणजे काय, हे १९३३ पर्यंत कुणी पाहिलं नव्हतं.

कंपाउंडरच आजारी पडला तेव्हा आजोबांना खलाजवळ बढती मिळाली. पाच महिन्यांच्या उमेदवारीवर! लोक घरून बाटल्या घेऊन रांगेत उभे. आजोबा म्हणायचे, "मिक्श्चरात काय होतं विचारशील तर थोडं औषध, पुष्कळ पाणी, आणि वर सिरप. सिरप संपलं की लोक घाबरायचे. कडू औषधावर विश्वास असतो म्हणतात, पण मरणाच्या भीतीत माणसाला गोडच लागतं." दुसऱ्यांदा आलेल्या रोग्याला डॉक्टर रंग बदलून द्यायला सांगत. बाटलीवर कात्रीने कापलेली डोसांची पट्टी चिकटवायची आणि म्हणायचं, "दिवसातून तीनदा, बाटली हलवून." हे वाक्य त्यांनी त्या ऑक्टोबरात किती वेळा म्हटलं असेल देव जाणे, उतारवयात ते झोपेतही म्हणायचे.

एवढं सगळं ते हसत सांगत. एक गोष्ट मात्र एकदाच सांगितली. थोरला भाऊ गिरणीत होता, त्याची बाटली त्यांनीच भरली होती, आणि सिरप जरा जास्त घातलं होतं. भाऊ पाचव्या दिवशी गेला. बाटलीत दोन डोस शिल्लक होते.

पुढे १९४८ चा फार्मसी ॲक्ट आला. पहिल्या रजिस्टरात नाव घालायला दवाखान्यातला पाच वर्षांचा अनुभव पुरे होता. आजोबांकडे तीस वर्षांचा होता. तरी साहेबासमोर उभं राहताना त्यांचे पाय लटपटले म्हणे.

एप्रिल २०२१ मध्ये सौभाग्यवतींना ताप आला. रिपोर्ट यायचा तो आलाच. मी काय केलं? सबंध शहर करत होतं तेच. वहीतले झाडून सगळे नंबर काढले आणि रेमडेसिवीरसाठी फोन सुरू केले. निवृत्त मामलेदार, शाळेतले सोबती, एका आमदाराच्या मेहुण्याचा शेजारी. नातीला म्हणालो, "तू फार्मसीवाली ना? तुझ्या कॉलेजात कुणाला सांग!"

ती म्हणाली, "आबा, आजीचा ऑक्सिजन शहाण्णव आहे. डॉक्टर नको म्हणालेत. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा नोव्हेंबरात ते वापरू नका म्हणून सांगितलंय."

"तुला काय कळतं?"

"काही नाही. मला अजून फक्त पाक येतो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी फोन ठेवला. पुढचे नऊ दिवस तिने दर चार तासांनी दाराबाहेरून आकडा विचारला आणि वहीत लिहिला. पॅरासिटामॉल, पाणी, पेज. सहाव्या रात्री आकडा ब्याण्णववर आला तेव्हा डॉक्टरांना फोन लावून बोलली तीच. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पालथं झोपवा, म्हणाले. पहाटे पंचाण्णव झाला.

दहाव्या दिवशी सौभाग्यवती स्वयंपाकघरात आल्या आणि आधी फ्रीज उघडला. प्रॅक्टिकलची बाटली तशीच होती, बुरशीचा ठिपका नाही. त्या लिंबू पिळायला लागल्या. मी कात्री घेतली, कागदाची पट्टी कापली, डोसांचे आठ खाचे पाडले आणि बाटलीवर चिकटवली.

"हे काय, आबा?" नातीने विचारलं.

"दिवसातून तीनदा," मी म्हणालो, "बाटली हलवून."