मिश्र कुरण (वऱ्हाड)

गवत आणि द्विदल चारा एकाच रानात वाढवून त्यावर गुरे चारण्याची पद्धत. अमरावती-अकोला भागात मुद्दाम पेरलेली अशी कुरणे थोडीच. ढोरे चरतात ती गावच्या ‘ई-क्लास’वर (सरकारी चराऊ जमिनीवर), धुऱ्यांवर आणि डोंगरउतारांवर. तिथे पवन्या, मारवेल व कुसळी ही मुख्य गवते; रानमूग, गोकर्णी यांचे वेल त्यांत आपसूक मिसळतात.

द्विदलाची किंमत दिवाळीनंतर कळते. पाऊस सरला की गवत वाळते, त्यातील प्रथिने ३-४ टक्क्यांवर येतात. ढोराचे पोट भरते, अंग भरत नाही. स्टायलो किंवा दशरथ घास या द्विदल चाऱ्यांत प्रथिने याच्या तिप्पट-चौपट. शिवाय मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात आणि पाला-मुळ्या कुजल्यावर तो शेजारच्या गवतालाही मिळतो.

झाशीच्या भारतीय गवताळ जमीन व चारा संशोधन संस्थेने (स्थापना १९६२) स्टायलोवर बरेच काम केले आहे. पण त्याची सरसकट शिफारस वऱ्हाडात चालत नाही. बरड, मुरमाड उतारावर ते झकास येते. पूर्णा नदीकाठच्या चिकण काळ्या मातीत पाणी तुंबले की बसते. तिथे गोकर्णी बरी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनीत ती चराईसाठीच पेरतात. मात्र ती गुरांना इतकी आवडते की मोकळी चराई दिल्यास बुडापासून संपते. स्टायलोचे उलटे: भर पावसात ढोरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत, गवत वाळले की शोधून खातात. त्याच्या बियांचे कवच टणक. पेरण्याआधी बी गरम पाण्यातून काढावे लागते.

पहिल्या वर्षी कुरणात ढोरे सोडत नाहीत. पुढे भाग पाडून आळीपाळीने चारतात. कुसळी फुलण्याआधीच चारावी वा कापावी. नंतर तिची कुसळे तोंडात रुततात. ओल्या बरसीम-लसूणघासावर उपाशी जनावर सोडले तर पोट फुगते. स्टायलोत ही भीती नगण्य.

खरी अडचण मालकीची. ई-क्लासवर बी एकाने टाकायचे आणि ढोरे साऱ्या गावाची. अकोला-वाशीम पट्ट्यात फासेपारधी समाजाने कारंजाच्या ‘संवेदना’ संस्थेसोबत काही माळराने राखली, ती गावाने मिळून चराई आवरली म्हणूनच.

राखण नसलेल्या गायरानात तरोटा माजतो. तोही शेंगवर्गीयच, पण त्याच्या मुळांवर गाठी नाहीत आणि ढोरे त्याला शिवत नाहीत. पहिल्या पावसात माणसेच त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात.