खोली, रोजी आणि बालमृत्यू : मुंबईच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील एक प्रकरण (१८९६–१९२९)

मुंबई शहराच्या आरोग्यविषयक इतिहासाचा विचार करू लागताच अभ्यासकाचे लक्ष प्रथम १८९६ सालच्या प्लेगकडे वळते, व ते स्वाभाविक आहे. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले. पुढील काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती परागंदा झाली. १८९१ च्या खानेसुमारीत ८,२१,७६४ भरलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. हा वृत्तांत पुष्कळांनी लिहिला आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय त्याहून थोडा निराळा आहे. प्लेगनंतरच्या तीस-बत्तीस वर्षांत मुंबईच्या राज्यकर्त्यांनी व आरोग्याधिकाऱ्यांनी रोगाचे कारण कोठे कोठे शोधले, हे आपल्याला पाहावयाचे आहे. ते प्रथम जमिनीत आणि गटारात शोधले गेले, मग घरात, मग खोलीत. आणि फार उशिरा, तेही आडवळणाने, खोलीत राहणाऱ्या माणसाच्या मिळकतीत.

हा क्रम मुंबईपुरता नाही. त्याचे मूळ इंग्लंड-स्कॉटलंडमधील एका जुन्या वादात आहे. एडिंबरो विद्यापीठातील वैद्यकाचे प्राध्यापक विल्यम पुल्टनी ॲलिसन यांनी १८४० मध्ये असे प्रतिपादन केले होते की, मोठ्या शहरांतील तापाच्या साथींचे कारण प्रामुख्याने दैन्य हे आहे. अर्धपोटी, बेकार व निराधार माणूस रोगाला चटकन बळी पडतो, म्हणून गरिबांना पुरेसे साहाय्य देणे हाच साथीवरील उपाय. दोनच वर्षांनी, १८४२ मध्ये, एडविन चॅडविक यांचा श्रमिकवर्गाच्या आरोग्यस्थितीवरील प्रसिद्ध अहवाल बाहेर पडला. त्यात कार्यकारणाची दिशाच उलटी होती : घाणीतून रोग होतो व रोगातून दारिद्र्य येते, तेव्हा गटारे, नळ व मोऱ्या नीट करा. चॅडविक हे गरिबांच्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या मंडळाचे चिटणीस होते, हे येथे विसरून चालणार नाही. गरिबांना द्यावयाची मदत आखडती ठेवणे हे ज्या मंडळाचे काम, त्याच्या चिटणिसाला दैन्य हे रोगाचे कारण मानणे फारसे सोयीचे नव्हते. वाद चॅडविक यांनी जिंकला. नळ व गटारे यांचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही; परंतु त्या विजयाबरोबर आरोग्य हा विषय स्थापत्यशास्त्राच्या हाती गेला आणि मजुरी हा विषय आरोग्याच्या कक्षेबाहेर पडला.

मुंबईत १८९८ साली कायद्याने स्थापन झालेला इंप्रूव्हमेंट ट्रस्ट हा याच परंपरेतला. त्याला ग्लासगो शहरातील १८६६ च्या ट्रस्टचा नमुना समोर होता. दाट व कोंदट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढून समुद्रवारा शहराच्या पोटात आणणे, भराव घालून नव्या जमिनी तयार करणे व गरिबांसाठी आरोग्यदायक चाळी बांधणे, अशी त्याची कार्ये होती. नागपाड्याची सुधारणा, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते आणि पुढे दादर-माटुंग्याची आखणी ही त्याची ठळक कामे. ज्या वर्षी ट्रस्टचा कायदा झाला, त्याच वर्षी सिमाँ या फ्रेंच वैद्याने उंदीर व पिसू यांच्याशी प्लेगचा संबंध जोडला. पण १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनापर्यंत तो सर्वमान्य झाला नाही. म्हणजे ट्रस्टची उभारणी झाली ती हवा, उजेड व घाण यांच्या सिद्धांतावर. ज्या मांडवीत रोग प्रथम आढळला तो धान्याच्या वखारींचा भाग होता, ही गोष्ट पिसूच्या शोधानंतर निराळ्या अर्थाने बोलकी ठरली.

ट्रस्टच्या कामाची खरी परीक्षा सिद्धांतावर नव्हे, हिशेबावर करावी लागते. पहिल्या दोन दशकांत त्याने जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्या नाहीत. ज्यांची खोली गेली ती माणसे समुद्रवाऱ्याच्या शोधात माटुंग्यास गेली नाहीत. कामाच्या जागेपासून दूर राहणे त्यांना परवडणारे नव्हते. ती शेजारच्या चाळीत शिरली, व तेथील दाटी वाढली. शिवाय मालकाला द्यावयाच्या भरपाईचा मुख्य आधार घराचे भाडे हाच असल्याने, जे घर जितके खच्चून भरलेले तितकी त्याची किंमत अधिक, असा विलक्षण न्याय होता. रोगट घर पाडण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होई आणि त्यातला बराच भाग ते घर रोगट करणाऱ्याच्या पदरात पडे.

१९२० नंतर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने हाच प्रयोग अधिक मोठ्या प्रमाणावर केला. कापसाच्या गाठींवर पट्टी बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे २०७ चाळी, म्हणजे सोळा हजारांहून अधिक खोल्या, उभ्या राहिल्या. आज ‘बी. डी. डी. चाळी’ या नावाने त्या मुंबईच्या लोकजीवनाचा भाग झालेल्या असल्या, तरी प्रारंभीची कित्येक वर्षे त्यांतील बऱ्याच खोल्या रिकाम्या होत्या. शहरात माणसे एका खोलीत दाटीवाटीने राहत असताना सरकारी खोल्या ओस पडाव्यात, याचे अधिकाऱ्यांना नवल वाटे. त्यात नवल काही नव्हते. भाडे मजुराच्या आवाक्याबाहेरचे होते आणि वरळी त्या काळी आडबाजूला होती. घरांची टंचाई व घर घेण्याची ऐपत हे दोन भिन्न प्रश्न आहेत, हे त्या रिकाम्या खोल्यांनी जितके स्पष्ट केले तितके कोणत्याही समितीने केले नसेल.

आता १९२१ या वर्षाकडे वळू. त्या सालच्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ११,७५,९१४ भरली, व तीपैकी सुमारे दोन-तृतीयांश माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत असल्याचे आढळले. त्याच वर्षाचे बालमृत्यूचे आकडे म्युनिसिपालिटीच्या आरोग्यखात्याने राहत्या खोल्यांच्या संख्येनुसार मांडले. एका खोलीच्या बिऱ्हाडात जन्मास येणाऱ्या दर हजार मुलांमागे ८२८, दोन खोल्यांत ३२१, तीन खोल्यांत सुमारे १९० व चार किंवा अधिक खोल्यांत १३३ मुले वर्षाच्या आत दगावली, असे ते कोष्टक सांगते.

हे आकडे जसेच्या तसे स्वीकारणे योग्य होणार नाही. कोकणातील व घाटावरील पुष्कळ कामकरी स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात व मूल घेऊन परत येत. अशा मुलाचा जन्म गावच्या दप्तरात नोंदला जाई, मृत्यू मात्र मुंबईच्या. त्यामुळे भाजक लहान व भाज्य मोठा होऊन प्रमाण फुगत असे. आणि एका खोलीच्या वर्गात हे सर्वांत अधिक घडे, कारण गावी जाणाऱ्या स्त्रिया बहुतांशी त्याच वर्गातील. ८२८ हा आकडा म्हणूनच संशयास्पद आहे. तथापि ही सूट दिल्यावरही पायऱ्यांचा उतार पुसला जात नाही. दोन, तीन व चार खोल्यांमधील अंतर केवळ नोंदणीच्या दोषाने समजावून देता येत नाही.

परंतु या कोष्टकाकडे आणखी एका दृष्टीने पाहिले पाहिजे. त्यात खोल्या मोजल्या आहेत. मजुरी मोजलेली नाही. आरोग्यखात्याच्या दप्तरात माणसाची मिळकत लिहिण्यास रकानाच नव्हता. चार खोल्यांच्या घरातील मूल जगले ते जादा खोल्यांमुळे, की त्या खोल्यांचे भाडे देऊ शकणाऱ्या घरात दूध, विश्रांती व वैद्य यांनाही पैसे होते म्हणून? कोष्टक याचे उत्तर देऊ शकत नाही. खोली हा दारिद्र्याचा पर्याय म्हणून दप्तरात शिरली व तेथेच कारण होऊन बसली.

मिळकतीचा रकाना निराळ्या खात्याने भरला. १९२१ मध्ये मुंबई सरकारचे लेबर ऑफिस स्थापन झाले व फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगार-कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी झाली. तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील दोन निष्कर्ष आरोग्याच्या इतिहासकाराने ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला असा की, औद्योगिक कामगाराच्या आहारातील धान्याचे प्रमाण दुष्काळी नियमावलीतील कमाल प्रमाणाइतके, पण मुंबईच्या तुरुंगांच्या नियमावलीत कैद्यास ठरवून दिलेल्या आहाराहून कमी होते. दुसरा असा की, शेकडा ४७ कुटुंबे कर्जबाजारी होती व व्याजाचा नेहमीचा दर दरमहा रुपयास एक आणा, म्हणजे सालीना शेकडा ७५, होता. धान्याच्या मापाने पाहता कैद्याहून कमी खाणारा माणूस आठवड्याचे सहा दिवस गिरणीत उभा राहत होता. आरोग्यखात्याचे कोष्टक व लेबर ऑफिसचा अहवाल ही दोन्ही एकाच शहरातील एकाच वर्गाविषयी, जवळजवळ एकाच वेळी तयार झाली. पण ती एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याची जबाबदारी कोणत्याही एका खात्याची नव्हती.

ते काम काही अंशी केले ते डॉ. बार्न्स यांनी. गिरण्यांतील स्त्रियांच्या प्रसूतिपूर्व व प्रसूत्युत्तर स्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारने या स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली होती. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये ‘लेबर गॅझेट’मध्ये आला. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, सुमारे पंधरा फूट लांब व बारा फूट रुंद अशा खोलीत सहा कुटुंबे, सहा चुली आणि लहानमोठी मिळून तीस माणसे त्यांना आढळली; सहांपैकी तीन स्त्रिया गरोदर होत्या. कामकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असेही त्यांनी नोंदविले. ‘बाळागोळी’ या नावाने ती मिळत असे. सुधारकांच्या लेखनात या गोळीचा उल्लेख नेहमी आईच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून येतो. वास्तविक ती गोळी हा त्या आईच्या दिनक्रमाचा हिशेब होता. दिवसाचे दहा तास गिरणीत काढणाऱ्या आणि मूल सांभाळण्यास दुसरे माणूस नसलेल्या बाईला ते निजलेले राहणे आवश्यक होते. कामावर न जाता राहावे, तर रोजी बुडे व सावकाराचा आणा थांबत नसे.

येथे प्रश्न प्रथमच पैशाच्या भाषेत विधिमंडळापुढे आला. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. १९२८ मध्ये रा. स. आसवले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात तशाच आशयाचे विधेयक आणले. त्याला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केलेले विवेचन आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. प्रसूतीच्या काळात स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भाग वस्तुतः सरकारने उचलावयास हवा. परंतु सरकार तो उचलत नाही तोवर, तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकावर तो टाकणे गैर नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. ॲलिसन यांनी १८४० मध्ये मांडलेला विचार त्या भाषणात, त्यांचे नाव न घेता, पुन्हा उभा राहिलेला दिसतो : आरोग्य राखावयाचे तर माणसाच्या हाती पैसा पडला पाहिजे.

१९२९ च्या कायद्याने प्रसूतीपूर्वी तीन व नंतर चार आठवडे दिवसाला आठ आणे साहाय्य ठरविले. रक्कम अल्प होती. त्याहून मोठा दोष असा की, भार एकेका मालकावर पडत असल्याने गरोदर स्त्रीस वेळीच कामावरून दूर करणे हे त्याच्या हिताचे झाले, व तसे प्रकार घडूही लागले. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण पुढील दशकांत घटत गेले. रात्रपाळीवरील बंदी, यंत्रसामग्रीतील व कामाच्या रचनेतील बदल इत्यादी कारणे त्यामागे होती; सर्व दोष या कायद्याला देता येणार नाही. परंतु साहाय्याचा खर्च एकट्या मालकाकडून काढून घेऊन सामुदायिक विम्यावर टाकण्यासाठी १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा व्हावा लागला, आणि त्याचा अंमल मुंबईत १९५४ साली सुरू झाला. त्यातही नाक्यावर उभी राहणारी, घरोघर धुणीभांडी करणारी व खानावळ चालवून गिरणगावास जेवू घालणारी स्त्री कोठेच नव्हती. तिची नोंद खोलीच्या कोष्टकात होती, हजेरीपटावर नव्हती.